घट्ट म्हणजे चांगलं, असं कुणी सांगितलं?

माझ्या जुन्या माझदा मियाटाचं सस्पेन्शन आता कामाला आलंय, ही बातमी मी दोन गटांना सांगितली. एक नातेवाईक आणि दुसरे गाडीवेडे मित्र. नातेवाईकांचं उत्तर ठरलेलं: "विकून टाक रे, किती दिवस त्या डबड्यावर पैसे घालणार?" मित्रांचं उत्तरही ठरलेलं: "आता उघडतोच आहेस तर कॉइलओव्हर टाक, पॉलीबुश टाक, दोन इंच खाली घे. मग बघ कशी चालते!" पुण्याहून पुतण्याची मेलही आली. "काका, स्टॉक कशाला ठेवता? अपग्रेड करा ना."

वरवर पाहता ही दोन टोकं. पण नीट ऐकलं तर दोघांचं म्हणणं एकच. ही गाडी जशी बनवली होती तशी आता पुरेशी नाही. माझं भांडण नेमकं या वाक्याशी आहे. आणि आज मी ते सविस्तर भांडणार आहे, तेव्हा मंडळी, चहा घेऊन बसा.

ज्यांना गाडीत रस नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. मियाटा पहिल्यांदा लोकांसमोर आली फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात. माझी १९९१ची. दोन माणसं बसतील एवढी, छप्पर हाताने मागे टाकायचं, वजन एक टनाच्या आत, १.६ लिटरचं इंजिन आणि ताकद ११६ अश्वशक्ती. म्हणजे आजची कुठलीही साधी घरगुती गाडी सिग्नलला हिला मागे टाकेल. हिची मजा वेगात नाही, वळणात आहे. तोशिहिको हिराई आणि त्यांच्या चमूने गाडी घडवताना समोर ठेवलेला शब्द होता 'जिन्बा इत्ताई', घोडा आणि स्वार एकजीव. तो एकजीवपणा येतो चारही चाकांच्या डबल विशबोन सस्पेन्शनमधून. प्रत्येक चाकाला एक वरचा आणि एक खालचा असे एकूण आठ लोखंडी हात. हे हात गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडले जातात तिथे असतात बुश.

बुश ही अतिशय साधी गोष्ट. बाहेर लोखंडी नळी, आत छोटी लोखंडी नळी आणि मध्ये दोघींना चिकटवलेलं रबर. चाक वर-खाली झालं की रबर पिळलं जातं आणि पुन्हा सरळ होतं. घासणं नाही, ग्रीस नाही, आवाज नाही. रस्त्याची बारीक थरथर ते गिळून टाकतं आणि चाकाला मात्र जागेवर धरून ठेवतं.

पण रबर म्हातारं होतं, आणि ते फक्त किलोमीटरने नाही, वर्षांनीही होतं. ऊन, उष्णता, हवेतला ओझोन यांनी ते कडक होतं, चिरतं, शेवटी नळीपासून सुटतं. मग ब्रेक मारला की तो लोखंडी हात थोडा सरकतो, चाकाचा कोन बदलतो, गाडी एका बाजूला ओढते. खड्ड्यात 'खट्ट' आवाज येतो. टायर आतल्या कडेने झिजतो. शॉकअपचंही तसंच. आतलं तेल आणि झडपा थकतात, आणि स्प्रिंग दाबली गेल्यावर तिला आवरायला कुणी उरत नाही.

आता मुद्द्यावर येतो.

पॉलीबुश टाकलेला प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो, "अरे, गाडी एकदम टाइट झाली, नवीन वाटते!" वाटणारच. तीस वर्षांचं सडलेलं रबर काढलं, त्या जागी नवं काहीही घातलं तरी गाडी नवीन वाटणार. ही तुलना नवं पॉली आणि मेलेलं रबर यांची झाली. नवं पॉली आणि नवं रबर ही तुलना किती जणांनी केलीय? मी विचारलेल्यांपैकी एकानेही नाही. श्रेय नवेपणाचं आहे, ते खिशात घातलं पॉलीयुरेथेनने.

शिवाय पॉलीबुश काम वेगळ्या तऱ्हेने करतो. तो पिळला जात नाही, आतल्या नळीभोवती फिरतो. म्हणजे घासतो. म्हणजे ग्रीस हवं. ग्रीस आटलं की गाडी जुन्या वाड्याच्या दारासारखी कुरकुरते. आणि हात नेमका एकाच प्रतलात हलत नसेल तर रबर जसं थोडं वाकून सांभाळून घेतं तसं पॉली घेत नाही, ते अडतं. हालचाल मोकळी असावी म्हणून ज्या सस्पेन्शनवर एवढी मेहनत घेतली, त्याच्याच सांध्यात आपण आपल्या पैशाने अडथळा बसवायचा!

दुसरी अंधश्रद्धा गाडी खाली घेण्याची. दिसते छान, कबूल. पण चाकाला वर जायला जी जागा असते ती या गाडीत मुळातच कमी आहे. दोन इंच खाली घेतली की त्यातली बरीचशी आधीच संपली. मग जरा खड्डा आला की गाडी बंप स्टॉपवर आदळते, आणि त्या क्षणी स्प्रिंगचं काम बंद. वळणात असं झालं की पकड अचानक सुटते. त्याला लोक 'रेसिंग फील' म्हणतात. मी त्याला पाठदुखी म्हणतो :-)

मुळात 'घट्ट म्हणजे चांगलं' हे आलं कुठून? शर्यतीतून. तिथला रस्ता गुळगुळीत, टायर चिकट, आणि सेकंदाच्या अंशासाठी कंबर मोडायची तयारी. तिथे घट्टपणा शोभतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दर शनिवारी ट्रॅकवर जाणाऱ्याने खुशाल पॉली टाकावं. पण खडबडीत रस्त्यावर कडक चाक उड्या मारतं, आणि हवेतल्या चाकाला पकड नसते. एवढं साधं आहे हे. मियाटा घडवणाऱ्यांनी ज्या गाडीकडे पाहून धडे घेतले ती १९६२ची लोटस एलान. आजही वळणांसाठी तिचं नाव आदराने घेतात, आणि तिच्या स्प्रिंगा होत्या मऊ! सांगाडा ताठ, स्प्रिंगा मऊ, शॉकअप नेमके. मऊ म्हणजे ढिलं नव्हे. हा फरक कळला की निम्मं भांडण मिटतं.

तिसरा वर्ग 'अजून चालतंय'वाल्यांचा. एका गॅरेजने मला सांगितलं, "डावा शॉकअप गळतोय, डावाच बदलू." एकाच ॲक्सलवर एक नवा आणि एक थकलेला? ब्रेक लावला की दोन बाजू दोन तऱ्हेने वागणार. शॉकअप जोडीनेच बदलायचे. आणि बुश मेलेले ठेवून महागडे शॉकअप घालणं म्हणजे वाकड्या चौकटीला नवं दार बसवणं. बॉल जॉइंटबद्दल तर 'चालतंय' हा शब्दच काढू नये. तो तुटला की चाक गाडीखाली आडवं होतं. तिथे काटकसर करणारा माणूस फक्त स्वतःच्या जिवावर पैसे वाचवत नसतो, समोरून येणाऱ्याच्याही जिवावर वाचवत असतो.

म्हणून माझा आग्रह साधा आहे. झिजलेलं सगळं एकदम काढा आणि जसं होतं तसंच नवं घाला. काम सोपं नाही. आमच्या ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. खालच्या हातांचे बोल्ट, ज्यांच्या तिरक्या चकत्यांनी चाकाचे कोन जुळवतात, ते बुशच्या नळीत गंजून एकजीव होतात (घोडा आणि स्वार परवडले!). तेल मारा, तापवा, शेवटी करवतीने कापा. बुश प्रेसखाली काढा, प्रेसखाली बसवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे घाईत हमखास राहतं: बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर असताना. चाकं लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच नवं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग हाच माणूस सांगत फिरतो, "रबर टिकत नाही हो, पॉलीच घ्या." शेवटी अलाइनमेंट. ती टाळली तर वरचं सगळं पाण्यात.

आता नातेवाईकांकडे वळतो. विकून टाकली तर झिजलेले सांधे नाहीसे होत नाहीत, फक्त दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. धडकेत नवी गाडी जास्त वाचवते हे शंभर टक्के खरं, म्हणून रोजच्या ऑफिसला मी हिला नेत नाही. पण माझ्या लेकीला गियरची गाडी शिकायचीय आणि ती हिच्यावरच शिकणार आहे, रविवारी सकाळी, रिकाम्या रस्त्यांवर. त्यासाठी मला बोलणारी गाडी हवी. चांगल्या रबरावरची, मूळ उंचीची मियाटा पकड सुटण्याआधी सांगते. कलते, हळूच सरकते, स्टीअरिंग हलकं होतं. नवशिक्या हातांना तेवढी सूचना मिळायलाच हवी. कडक केलेली गाडी गप्प असते आणि मग एकदम सुटते. आई, तुझ्या काळजीवर माझं उत्तर हे आहे: म्हणूनच तर मी हे काम अर्धवट करत नाहीये.

शेवटचा पुरावा खुद्द कंपनीचा. २०१७ मध्ये माझदाने जपानमध्ये पहिल्या पिढीच्या या गाड्या पुन्हा उभ्या करण्याचा कार्यक्रम जाहीर केला आणि बंद झालेले काही सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. त्यात टायरही होता. त्यांना आजच्या तंत्राने रुंद, चपटा, चिकट टायर सहज देता आला असता. त्यांनी ब्रिजस्टोनकडून पुन्हा घडवून घेतला तो मूळ मापाचाच, १८५/६० आर १४, अरुंद आणि छोटा. कारण त्या गाडीचं सगळं गणित त्या टायरवर बेतलेलं आहे.

तेव्हा पुतण्या, तुझं अपग्रेड तुला लखलाभ. आधी एकदा नव्या रबरावरची मियाटा चालवून बघ. मग भांडायला ये, मी इथेच आहे.

तूर्तास इतकंच. प्रेसखाली अजून पाच बुश वाट बघतायत.