चहाचे दोन अंश

हॉस्टेलमध्ये चहा हा एकच विषय असा आहे की ज्यात कुणाची केटी लागत नाही. सगळेच तज्ज्ञ! आणि मेसच्या तक्रारवहीतलं सगळ्यात लाडकं वाक्य म्हणजे, ‘चहा गार होता.’ मामा बिचारे म्हणतात, “अरे पोरांनो, उतरवला तेव्हा उकळत होता की!” खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर असतं. मधली भानगड आपण एम-टूमध्ये शिकलेलो असतो, फक्त पेपर संपला की विसरतो.

न्यूटनचा कूलिंगचा नियम पाठ नाही असा माणूस इथे सापडणार नाही. वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानात जितका फरक जास्त, तितकी वस्तू भराभर थंड होते. डिफरन्शिअल इक्वेशन मांडा, इंटिग्रेट करा, मार्क घ्या. गेल्या थंडीत पीएलमध्ये अभ्यासाचा कंटाळा आला म्हणून मी आणि माझा रूम-पार्टनर थर्मामीटर आणि स्टीलचा ग्लास घेऊन बसलो. खोली २२ अंश, चहा ८२. दहा मिनिटांनी ६२. म्हणजे ६० चा फरक ४० वर आला. आता नियमानुसार पुढच्या दहा मिनिटांत चहा साधारण ४९ वर यायला हवा. काटा घड्याळाचा फिरला, पण पारा मात्र ५१ वर!

पार्टनर लगेच म्हणाला, “दोनच अंश आहेत ना? ४९ लिही आणि झोप.”

हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना? आपली सगळी जर्नल्स याच वाक्यावर उभी आहेत. आधी सिनियरची फाइल, मग उत्तर, मग उत्तराला शोभतील अशी रीडिंग्ज. ग्राफचे सगळे ठिपके शहाण्या मुलांसारखे रेषेवर बसलेले. सबमिशनला सही मिळते, एक्स्टर्नल खूश होतात.

पण त्या दोन अंशांतच खरी गंमत होती. न्यूटनने १७०१ साली हा प्रयोग छापला, तेव्हा त्याने तापलेलं लोखंड वाऱ्यात ठेवलं होतं. लोखंडाची वाफ होत नाही, चहाची होते. १०० ग्रॅम चहातून फक्त १ ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं, तर उरलेला चहा पाचएक अंशांनी उतरतो. चहा कडक गरम असताना वाफ जोरात निघते, म्हणून सुरुवातीला तो नियमापेक्षा भरभर थंड होतो आणि नंतर रेंगाळतो. आम्ही पुन्हा चहा केला, ग्लासवर भोक पाडलेला पुठ्ठा ठेवला, तर थंड होण्याचा वेग चांगलाच कमी झाला आणि हिशोबही बराच जुळला. बशीत ओतून चहा पिणाऱ्या आजोबांना आपण हसतो, पण व्यास दुप्पट केला की वाफेला चौपट जागा मिळते, हे त्यांनी इंटिग्रेशन न करता ओळखलेलं असतं. म्हणजे मेसच्या गार चहाला मामा नव्हे, तर उघडं पातेलं जबाबदार आहे. ४९ लिहिलं असतं तर हे कळलंच नसतं.

आजच्या टांझानियातल्या एरास्टो म्पेम्बा या शाळकरी मुलाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९६३ मध्ये आइस्क्रीम करताना त्याने घाईघाईत गरम दूधच फ्रीजरमध्ये ठेवलं आणि ते दुसऱ्या मुलाने न उकळता ठेवलेल्या दुधाच्या आधी गोठलं. सरांना विचारलं, तर तुझाच गोंधळ झाला असेल असं उत्तर मिळालं. वर्ग हसला. पुढे डेनिस ऑस्बोर्न नावाचे प्राध्यापक शाळेत आले, तेव्हा त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला. त्यांनी तो हसण्यावारी न नेता करून पाहिला आणि १९६९ मध्ये दोघांच्या नावाने लेख छापून आला. गरम पाणी खरंच आधी गोठतं का, यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. भांडू देत! पण त्या मुलाने दिसलं ते सांगितलं, ‘बरोबर’ उत्तर सांगितलं नाही.

उद्या आपण बॉयलरवर, पुलावर, मशीनवर काम करणार. तिथे दोन अंश, दोन मिलिमीटर खोटे लिहिले तर चहा गार होण्यावर भागणार नाही. ती सवय नोकरीत लागत नाही, इथेच जर्नलमध्ये लागते.

म्हणून सरांना एक नम्र विनंती. रेषेवर न बसलेल्या ठिपक्याचे मार्क कापू नका, तो का बसला नाही हे व्हायवात विचारा. आणि मित्रांनो, पुढच्या प्रॅक्टिकलला जे दिसेल तेच लिहा. मेस सेक्रेटरीला मात्र तातडीचा निरोप आहे, पातेल्याला झाकण आणा!