पिठाचा कोंबडा आणि पुठ्ठ्याचे नगर



इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मुलाकडे काही महिने राहून परतलेल्या एका आजींनी या सदराकडे एक प्रश्न पाठविला आहे. त्यांचा चौदा वर्षांचा नातू शाळेतून आला की पुठ्ठे, रिकामे डबे, बाटल्यांची झाकणे आणि औषधी गोळ्यांच्या संपलेल्या स्ट्रिपा गोळा करून परग्रहावरील एक उद्ध्वस्त नगर उभे करीत बसतो. नगर तयार झाले की मित्र जमतात, त्यात बोटाच्या पेराएवढे सैनिक मांडतात आणि युद्धाचा खेळ खेळतात. आजी विचारतात, "मुलाच्या हातातली कला पाहून जीव सुखावतो, पण अहिंसेचे व्रत सांगणाऱ्या घरात युद्धाचा खेळ चालावा का?"

'खेळच तर आहे' असे म्हणून हा प्रश्न झटकून टाकण्याची सोय इतरांना असेल. आपल्या परंपरेने ती आपल्याला ठेवलेली नाही. महाराज यशोधराची कथा आपणांपैकी अनेकांनी स्वाध्यायात ऐकली असेल. सोमदेवसूरींनी इ. स. 959 मध्ये 'यशस्तिलक' या संस्कृत ग्रंथात ती विस्ताराने सांगितली आणि त्याच शतकात महाकवी पुष्पदंतांनी ती अपभ्रंश भाषेत गायिली. दुःस्वप्नाच्या शांतीसाठी देवीला बळी द्यावा, असा राजमाता चंद्रमतीचा आग्रह होता. जीवहत्येला यशोधर तयार होईना. अखेर मातेच्या समाधानासाठी पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देण्याची तडजोड निघाली. रक्ताचा थेंबही सांडला नाही. तरीही त्या एका कृत्यापायी माता आणि पुत्र यांना मोर, कुत्रा अशा तिर्यंच योनींत जन्मोजन्मी भटकावे लागले, असे कथा सांगते. पिठाला प्राण नव्हते. परंतु तलवार उचलताना मनात मारण्याचा संकल्प होता. द्रव्यहिंसा घडली नसली तरी भावहिंसा घडली होती.

प्रतिकृतीवर केलेला प्रहार निरुपद्रवी मानता येत नाही, हे या कथेचे एक टोक. परंतु तिचे दुसरे टोकही तितक्याच काळजीने पाहिले पाहिजे. ज्याने पीठ मळले, पंखांचा आणि तुऱ्याचा आकार दिला, त्याच्या कारागिरीला कथाकारांनी दोष दिलेला नाही. दोष संकल्पाचा आहे. म्हणून नातवाच्या मेजावर काय मांडले आहे यापेक्षा ते मांडताना आणि खेळताना त्याच्या मनात काय चालते, हा आपला खरा प्रश्न ठरतो. तो सोडविण्यासाठी प्रथम हा छंद नीट समजून घ्यावा लागेल.

या खेळाचा इतिहास दोन शतकांहून जुना आहे. 1812 साली प्रशियातील फॉन राइस्वित्झ नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या राजाला एक खणांचे मेज भेट दिले. त्यात डोंगर, नद्या, रस्ते आणि गावे यांचे उठावदार चौकोनी तुकडे होते आणि ते हवे तसे जुळवून नवनवी भूमी तयार करता येई. पुढे 1824 मध्ये त्याच्या मुलाने हा खेळ कागदी नकाशांवर आणला आणि प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांनी तो प्रशिक्षणासाठी स्वीकारला. घरातील मुलांच्या हाती तो सोपविण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात एच. जी. वेल्स या विज्ञानकथाकाराकडे जाते. मुलांनी जमिनीवर ठोकळ्यांची नगरे आणि बेटे कशी रचावीत याविषयी त्यांनी 1911 मध्ये 'फ्लोअर गेम्स' हे पुस्तक लिहिले आणि 1913 मध्ये 'लिटल वॉर्स' या पुस्तकात शिशाच्या सैनिकांच्या लढाईचे नियम दिले. विशेष असे, की त्याच पुस्तकाच्या शेवटी त्यांनी खऱ्या युद्धाचा निषेध केला आहे. हा छोटा खेळ काही वेळा खेळून पाहणाऱ्याला मोठे युद्ध किती आंधळे आणि गोंधळाचे असेल हे उमगते, असा त्यांचा युक्तिवाद होता. दुसऱ्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले. तेव्हा खेळाने युद्ध थांबते, असा दावा कोणी करू नये. परंतु या छंदाच्या एका प्रवर्तकालाही हाच प्रश्न छळत होता, एवढे ध्यानात ठेवावे.

आजचा परग्रहावरील खेळ मुख्यतः इंग्लंडमध्ये वाढला. 1975 मध्ये लंडनला स्थापन झालेल्या आणि आता नॉटिंगहॅम येथे मुख्यालय असलेल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने 1987 मध्ये 'वॉरहॅमर 40,000' हा खेळ आणला. त्यातील सैनिक साधारण 28 ते 32 मिलिमीटर उंचीचे असतात. मोजपट्टीने इंच मोजून त्यांना पुढे सरकवायचे आणि फासे टाकून निकाल ठरवायचा, असा खेळाचा ढाचा आहे. या मेजावरील इमारती, भिंती, टेकड्या आणि यंत्रे यांना खेळाडू 'टेरेन' म्हणतात. आपल्याकडील गणेशोत्सवामुळे रूढ झालेला 'देखावा' हा शब्द त्याला चपखल बसतो.

हा देखावा केवळ शोभेसाठी नसतो. ज्या सैनिकापर्यंत नेमबाजाची दृष्टी पोहोचत नाही, त्याच्यावर सामान्यतः नेम धरता येत नाही. भिंतीआड अर्धवट लपलेल्याला इजा होण्याची शक्यता कमी होते. मेज मोकळे ठेवले तर लांब पल्ल्याची शस्त्रे असलेला पक्ष पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच समोरच्याचा फडशा पाडतो आणि विचार करायला काही उरत नाही. म्हणून मेजाचा बराचसा भाग आडोशांनी व्यापलेला असावा, असे जाणकार सांगतात. खेळात जो शस्त्र उचलतो तो संहार करतो; जो देखावा बांधतो तो दोन्ही पक्षांसाठी आश्रय निर्माण करतो. भिंत बांधणाऱ्याला तिच्यामागे कोणत्या रंगाचा सैनिक लपेल हे ठाऊक नसते. आजींचा नातू दिवसातील बहुतेक वेळ हे दुसरे काम करीत असतो, ही बाब मला लहान वाटत नाही.

आता बांधणीकडे वळू. मध्ययुगीन गाव उभारायचे तर दगड, कौले, गवती छपरे यांची हुबेहूब नक्कल करावी लागते, कारण मूळ वस्तू सर्वांनी पाहिलेली असते. भविष्यकाळातील नगर कोणीच पाहिलेले नाही. त्यामुळे दाढीच्या रेझरचे किंवा मोबाइलच्या चार्जरचे साच्यात ओतलेले वेष्टन उपडे घातले, की तेच यंत्रगृह वाटू लागते. 1977 च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटाच्या कारागिरांनी आपल्या अंतराळयानांवर रणगाडे, जहाजे, विमाने यांच्या बाजारी खेळण्यांतील सुटे भाग चिकटवून ती अजस्र यंत्रे भासविली. अशा निरुपयोगी, पण नजरेला यंत्र वाटणाऱ्या तुकड्यांना त्या कलेत 'ग्रीबल' म्हणतात. घरच्या कारागिराचे ग्रीबल म्हणजे रिकाम्या रिफिली, स्केचपेनची टोपणे आणि बिघडलेल्या रेडिओतील चकत्या.

पद्धत थोडक्यात अशी. प्रथम जाड पुठ्ठ्याचा किंवा एमडीएफ फळीचा पाया कापावा. दार सुमारे चार सेंटिमीटर उंच आणि एक मजला सुमारे साडेसात सेंटिमीटर ठेवला, तर सैनिक त्यात शोभून दिसतो. पुठ्ठा एकाच जोरकस घावात कापू नये. पोलादी पट्टी धरून कटरच्या तीन-चार हलक्या रेघांनी कापावा, म्हणजे कडही स्वच्छ निघते आणि बोटही वाचते. भिंती पांढऱ्या गोंदाने चिकटवून रात्रभर वाळू द्याव्यात. पायावर गोंद पसरून बारीक वाळू भुरभुरावी. थर्माकोल वापरला असेल तर त्यावर स्प्रेचा रंग थेट मारू नये, कारण त्यातील द्रावक थर्माकोल विरघळवतो. आधी गोंद आणि ॲक्रिलिक रंग यांचे एक-दोन हात द्यावेत. सर्वत्र काळा थर वाळल्यावर ब्रशावरील रंग फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करावा आणि करडा रंग कडांवरून हलकेच फिरवावा. उंचवटे उजळतात, खाचा काळ्या राहतात आणि पुठ्ठ्याचे लोखंड होते. शेवटी स्पंजच्या तुकड्याने तपकिरी आणि नारिंगी ठिपके दिले, की त्यावर गंजही चढतो.

श्रावकाच्या घरात मात्र या कृतीला आणखी काही पथ्ये जोडावी लागतील. बारीक चित्रणासाठी नावाजलेला 'कोलिन्स्की सेबल' ब्रश हा वीझल जातीच्या एका लहान प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा असतो. त्याऐवजी कृत्रिम धाग्याचा ब्रश घ्यावा. जुन्या सुतारकामातील सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतो. पांढरा पीव्हीए गोंद कृत्रिम असतो. 'आयव्हरी ब्लॅक' किंवा 'बोन ब्लॅक' नावाचा काळा रंग जाळलेल्या हाडांचा असतो आणि नळीवर त्याचा 'पीबीके 9' असा संकेत छापलेला आढळतो. 'पीबीके 7' म्हणजे कार्बन ब्लॅक, तो घ्यावा. झुडपांसाठी खरे वाळविलेले शेवाळ विकले जाते. रंगविलेला भुसा किंवा फोमचा चुरा त्याचे काम उत्तम करतो. बाहेरून आणलेली वाळू आणि काटक्या उचलतानाच जीव-जंतू पाहून घ्याव्यात. रात्री ब्रश धुतलेले पाणी उघडे ठेवू नये. चिलटे त्यात पडून मरतात. स्वयंपाकघरात पाणी गाळणाऱ्या आणि भांडे झाकणाऱ्या आजींना हा यत्नाचार नातवाला शिकविणे अवघड जाणार नाही. किंबहुना, उपदेशापेक्षा तो अशा कामातूनच अंगी बाणतो.

परिग्रहाचा मुद्दाही येथे आहे. हा छंद महागडा आहे आणि बाजारात दर महिन्याला नवे काही येते. विकत घेऊन न रंगविता पडून राहिलेल्या पुतळ्यांच्या ढिगाला या मंडळींत 'लाजेचा ढीग' असेच म्हणतात. ज्याला टाकाऊ झाकणात मनोरा दिसतो, त्याची विकत घेण्याची ओढ आपोआप थोडी कमी होते. मुलाला छंद हवा असेल तर त्याचा हा भाग पालकांनी जरूर वाढवावा.

आता मूळ शंका. गृहस्थाच्या गुणव्रतांत अनर्थदंडाचा त्याग सांगितला आहे आणि अनर्थदंडाच्या प्रकारांत 'अपध्यान' येते. दुसऱ्याचा वध व्हावा, त्याचे अहित व्हावे, असे निष्कारण चिंतन म्हणजे अपध्यान. खेळ तेथवर जातो की नाही, हे बाहेरून ठरविता येणार नाही. परंतु ओळखता मात्र येईल. मेजावरून पुतळी उचलली जाते तेव्हा मूल बुद्धिबळातील प्यादे उचलल्यासारखे उचलते, की क्रूर उद्गार काढून त्यात रस घेते? हरल्यावर त्याचा राग मित्रावर उतरतो का? खेळ संपल्यावर ते बांधायला परत बसते, की संहाराच्याच कथा घोळवीत राहते? पहिल्या प्रकारात चिंतेचे कारण नाही. दुसऱ्या प्रकारात पिठाचा कोंबडा आठवावा आणि खेळ थांबवावा. तेथे 'पुठ्ठ्याचेच आहे' ही सबब चालणार नाही.

या दोन्हींच्या मधे एक वाटही आहे. आजच्या अनेक नियमांत विजय शत्रू किती मारले यावर ठरत नाही, तर ठरावीक स्थाने कोणी राखली यावर ठरतो. घरचा खेळ घरच्या उद्दिष्टाने खेळता येतो: उद्ध्वस्त नगरातील जलशुद्धीकरण केंद्र पुन्हा सुरू करणे, अडकलेल्या रहिवाशांना पलीकडच्या कडेला सुखरूप पोहोचविणे, औषधांचा साठा वाचविणे. चुरस तेवढीच राहते, फासेही तेवढेच धडकी भरवितात; संकल्प मात्र रक्षणाचा होतो. देखावा बांधणाऱ्याच्या हाती हा अधिकार असतो, कारण मेजावर काय वाचविण्याजोगे आहे हे तोच ठरवितो.

आणि लघुनगरे बांधणे आपल्याला परके कोठे आहे? महाराष्ट्रातील मुले दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर मोहरी पेरतात. अजमेरच्या सोनीजींच्या नसियाँमध्ये सोन्याने मढविलेल्या अयोध्या नगरीचा भव्य देखावा आहे आणि वर अधांतरी देवांची विमाने टांगलेली आहेत. परग्रहाचे वेड असलेल्या मुलाला ती पाहून आपलेच कोणी भेटल्यासारखे वाटेल. मंदिरांतून आपण नंदीश्वर द्वीप आणि समवसरण यांच्या रचना पाहतो. समवसरणात बारा सभा असतात आणि जन्मजात वैर असलेले प्राणी वैर विसरून एकत्र बसतात. अशी भूमी कल्पिणाऱ्या परंपरेतील मुलाला पुठ्ठा आणि गोंद यांपासून दूर ठेवण्याचे कारण नाही. आजींनी पुढच्या भेटीत नातवाजवळ बसावे, एखादी भिंत स्वतः चिकटवावी आणि तिच्याआड कोण राहते, हे त्याला विचारावे. तो जे सांगेल, त्यात त्यांच्या प्रश्नाचे उत्तर असेल.