तात्पुरत्या भिंतींवरची चित्रं



आपल्या लोकांच्या घरी गेलं की एक गोष्ट हमखास दिसते. सोफा झकास, टीव्ही भिंतभर, देवघर नीटनेटकं, आणि बाकीच्या भिंती पांढऱ्या फटक. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "अहो, भाड्याचं घर आहे. ग्रीन कार्ड आलं की घर घेऊ, मग बघू." आता आपल्यासाठी ती रांग किती लांब आहे हे मी वेगळं सांगायला नको. मुलं हायस्कुलात जातात, भिंत कोरीच!

खरं तर भाड्याच्या घराचं कारण आपल्या आजी-आजोबांनी कधी दिलं नाही. रवि वर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील तसबिरी सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या. चाळीतल्या भाड्याच्या खोल्यांतसुद्धा त्या ऐटीत लागल्या. तेव्हा भाडेकरूने चित्र लावणं ही आपली जुनी रीतच आहे.

आम्ही राहतो जर्सी सिटीत, पाथ ट्रेनने मॅनहॅटन हाकेच्या अंतरावर. बायकोने आणि मी एक नियम केलाय: वर्षाला एक चित्र, फ्रेमसकट १५० डॉलरच्या आत. न्यूयॉर्कात एवढ्यात काय येणार, असं वाटेल. पण येतं.

पहिली जागा फुटपाथ. मेट म्युझियमच्या पायऱ्यांसमोर, सोहोत, युनियन स्क्वेअरला चित्रकार टेबलं मांडून बसतात. चित्र विकणं हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग आहे, त्याला फेरीवाल्याचा परवाना मागता येणार नाही, असा निकाल १९९६ मध्ये इथल्या फेडरल अपील कोर्टाने दिला. त्यामुळे माल भरपूर, पण त्यात यंत्रावर छापलेलाही बराच असतो. फोनचा कॅमेरा जवळ नेऊन झूम करा. रंगांच्या जागी बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते पोस्टर समजा, आणि पोस्टरचेच पैसे द्या. हाताने काढलेल्या ठशाखाली सहसा पेन्सिलने सही असते आणि ७/५० असा आकडा, म्हणजे पन्नासांतली सातवी प्रत. एचिंग असेल तर पत्र्याची कड कागदात दबलेली दिसते.

दुसरी जागा मला सर्वांत आवडते, ती म्हणजे ओपन स्टुडिओ. ब्रुकलिनच्या गोवानस भागात आणि आमच्या जर्सी सिटीत साधारण ऑक्टोबरमध्ये चित्रकार आपापले स्टुडिओ लोकांसाठी उघडतात. भिंतीवरच्या मोठ्या चित्रांच्या किमती बघून घाबरू नका. सरळ विचारा, "लहान कामं आहेत का?" बहुतेकांकडे एक ड्रॉवर असतो. त्यात स्केचेस, छोटे जलरंग, ठशांच्या चाचणी प्रती. ४०-५० डॉलरची चित्रं आम्हाला तिथेच मिळाली आहेत. आणि ज्याने काढलं त्याच्याशी दहा मिनिटं गप्पा होतात, त्या फुकट. घासाघीस मात्र करू नका.

तिसरा मार्ग तर चकटफू. मेट म्युझियमने २०१७ मध्ये कॉपीराइट संपलेल्या पावणेचार लाखांहून जास्त प्रतिमा वापरायला खुल्या केल्या. डाउनलोड करा, चांगल्या जाड कागदावर छापून घ्या. हिशोब आपल्या धंद्यातलाच: इंचाला ३०० पिक्सेल. ११ बाय १४ इंचाला ३३०० बाय ४२०० हवेत, त्याहून फार कमी असतील तर आकार लहान ठेवा.

चौथा मार्ग आपली सुटकेस. पुढच्या भारतवारीत मुंबईला काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीबाहेर चक्कर मारा. फुटपाथवर चित्रकार बसलेले असतात. जलरंग दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून आणा. वारली चित्र तर गुंडाळूच नका, रंगाचे पोपडे निघू शकतात.

आता फ्रेम. खरा खिसा इथे कापला जातो. ४० डॉलरच्या चित्राला मापाची फ्रेम करून घ्यायला मला एका दुकानात २४० सांगितले! उपाय असा की फ्रेम तयार मापाची घ्यायची आणि फक्त आतला माउंट, ज्याला इथे मॅट म्हणतात, तो मापाने कापून घ्यायचा. वीसेक डॉलरमध्ये काम होतं.

उदाहरण देतो. आपल्याकडचा जलरंगाचा पाव कागद ११ बाय १५ इंच असतो. इथली तयार फ्रेम ११ बाय १४. एक इंच जास्त म्हणून लोक चित्रालाच कात्री लावतात. कृपा करून नको! १६ बाय २० ची फ्रेम घ्या आणि माउंटची खिडकी साडेदहा बाय साडेचौदा कापायला सांगा. चारही बाजूंना बरोबर पावणेतीन इंच समास उरतो.

माउंट आणि मागचा पुठ्ठा ॲसिड-फ्री हवा, नाहीतर काही वर्षांत खिडकीच्या कडेने तपकिरी रेघ उमटते. काच चित्राला टेकू देऊ नका. दमट हवेत कागद काचेला चिकटतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, चित्र डकवून टाकू नका. कागद उन्हाळ्यात फुगतो, हीटर चालू झाला की आकसतो. वरच्या कडेला दोनच ठिकाणी ॲसिड-फ्री कागदाच्या बिजागऱ्या लावा, किंवा फोटोचे कोपरे वापरा. सेलोटेप नाही म्हणजे नाही. आणि रेडिएटरच्या वर किंवा थेट उन्हात चित्र टांगू नका.

आता आधी म्हटलेल्या तात्पुरत्या मुक्कामाबद्दल. २०२३ च्या नोकरकपातीत आमच्या बिल्डिंगमधल्या एका नाशिककर कुटुंबावर पाळी आली. एच-वन वर नोकरी गेली की हातात जेमतेम ६० दिवस. दुसरी मिळाली नाही, परत जायचं ठरलं. सोफा कोणी फुकटही नेईना. टीव्ही पडत्या भावात गेला. मुलीचा पलंग आम्ही घेतला. शेवटच्या रात्री वहिनींनी पाच चित्रं फ्रेममधून काढली. बिजागऱ्या कापायला प्रत्येकी दोन मिनिटं. सगळी मिळून एका पुठ्ठ्याच्या पाकिटात मावली, वजन अर्धा किलोसुद्धा नसेल. फ्रेमा आमच्याकडे राहिल्या, चित्रं नाशिकला गेली. महिन्याभराने फोटो आला. तीच पाच चित्रं, त्याच क्रमाने, नव्या भिंतीवर. मुलीने सांगून सांगून तशी लावून घेतली होती म्हणे.

बाकी खिळ्याची भीती बाळगू नका. बारीक खिळ्याचं भोक घर सोडताना चिमूटभर लांबी भरली की बुजतं. तेही नको असेल तर चिकटपट्टीचे हुक मिळतात, फक्त वजन तपासून घ्या. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवा, म्हणजे मान वर करावी लागत नाही.

ऑक्टोबरमध्ये जर्सी सिटीत स्टुडिओ उघडतील तेव्हा या. चहा आमच्याकडे, चित्र तुमच्या खर्चाने :-)