पेटीत काय आहे, हे उचलणाऱ्याला माहीत असतं का?

तुम्ही एनसीसीत असाल, तर परेडच्या रायफलवरची ‘डीपी’ ही दोन अक्षरं पाहिली असतील. डीपी म्हणजे ड्रिल पर्पज. सलामी द्यायला चालते, पण गोळी सुटू नये म्हणून ती निकामी केलेली असते. पहिल्या वर्षी आम्ही तिला ‘खोटी बंदूक’ म्हणून हसायचो. पण खांद्यावर काय आहे, हे आम्हाला नक्की माहीत होतं, ते त्या दोन अक्षरांमुळेच.

सैन्याच्या नको असलेल्या सामानाचं वर्गीकरण म्हणजे हेच. तंबू, जुनी वाहनं लिलावात विकता येतात. शस्त्रं आधी निकामी करावी लागतात. दारूगोळ्याचं गणित तर पूर्ण वेगळं. जगभर स्फोटकांचे धोक्यानुसार गट पाडतात. 1.1 म्हणजे अख्खा साठा एकदम उडू शकतो; 1.4 म्हणजे धोका बहुतेक पेटीपुरताच. आणि मुदत संपलेला दारूगोळा म्हणजे मेलेला दारूगोळा नव्हे. उलट, जुनं झालेलं रसायन जास्त लहरी होऊ शकतं.

हे सगळं दूरचं वाटतंय? मलकापूर किंवा शेगावहून नागपूरला रेल्वेने जाताना धामणगावनंतर पुलगाव लागतं. तिथे सैन्याचं मोठं दारूगोळा भांडार आहे. 31 मे 2016 च्या मध्यरात्रीनंतर तिथे आग लागली आणि अधिकारी, जवान, अग्निशमन कर्मचारी असे किमान 16 जण गेले. 20 नोव्हेंबर 2018 च्या सकाळी पुन्हा स्फोट झाला, तोही जुना दारूगोळा नष्ट करायच्या मैदानावर. जबलपूरच्या खमरिया कारखान्यातला माल होता. पेट्या उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत आसपासच्या खेड्यांतले मजूरही होते. रोजीसाठी गेलेली माणसं. आपल्याच गावातल्या हमालासारखी, आपल्याच काकांसारखी.

माझं म्हणणं एवढंच आहे : वर्गीकरण कागदावर संपत नाही. ते पेटी उचलणाऱ्या शेवटच्या माणसाच्या डोक्यात पोचलं, तरच पूर्ण होतं. त्याला त्याच्या भाषेत सांगा, ही पेटी कोणत्या गटातली, कशी धरायची, काय दिसलं तर खाली ठेवून लांब पळायचं. प्रशिक्षण नाही, तर हात लावायचा नाही. ठेकेदार असो की कोणीही.

कोणी म्हणेल, ही सुरक्षेची, गुप्ततेची बाब आहे. मान्य. पण भांडारात किती तोफगोळे आहेत, असं मजूर विचारतच नाही. माझ्या हातात काय आहे, एवढंच त्याला कळायला हवं. यात कसलं गुपित फुटतं?

आणि हे फक्त भांडाराच्या कुंपणाआड राहत नाही. 2004 मध्ये गाझियाबादजवळच्या पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातला जिवंत दारूगोळा फुटला आणि कामगार गेले. कुणीतरी, कुठेतरी ‘भंगार’ म्हणून मोकळं झालं होतं.

आपल्यातले काही जण उद्या सैन्यात जातील, काही रसायनशास्त्र शिकतील, काही माझ्यासारखे बातम्या लिहितील. स्फोटानंतर आपण आकडा विचारतो. पुढच्या वेळी गाडी पुलगावला थांबली, की स्फोटाआधीचा प्रश्न विचारू या : आज तिथे पेट्या कोण उचलतंय, आणि त्याला कोणी सांगितलंय का?