मेसेज आला 'मोटर चालू', पाणी मात्र आलंच नाही



आज पिकाचं नाही, पेटीचं लिहितो. स्टार्टरच्या पेटीचं. आल्याची उगवण आणि हळदीचा पाला यावर नंतर बोलू. गेल्या पंधरा दिवसांत चार जणांनी फोन करून एकच विचारलं, "मोबाईल स्टार्टर घेऊ का नको?" चौघांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

सुरुवात घरापासून करतो. थोरला पोरगा पुण्यात नोकरीला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला आला आणि घरातल्या लाईटी मोबाईलवर करून गेला. बोललं की दिवा लागतो, बोललं की पंखा बंद. गल्लीतली पोरं बघायला यायची. चार दिवसांनी तो गेला आणि आठव्या दिवशी इंटरनेट गेलं. संध्याकाळी आई देवघरात दिवा लावायला निघाली, तर पडवीतली लाईट लागेना. खटका होता, पण त्यानं वायर खटक्याला न जोडता थेट डबीत घातलेली. आई ७८ वर्षांची. ती म्हणाली, "खटका दाबल्यावर लागत नसंल तर भिंतीला कशाला ठेवलाय?"

मला हे वाक्य फार पटलं. दुसऱ्या दिवशी मेन पाडून बोर्ड उघडला. त्या डबीला खटक्याच्या दोन वायरी जोडायला वेगळी जागा दिलेली होती, पोरानं ती रिकामीच ठेवलेली. जोडल्या. आता मोबाईलनंही लागते, हातानंही लागते. इंटरनेट असो नसो, आईची लाईट लागतेच.

मळ्यातल्या मोटरीचा प्रश्न हाच आहे, फक्त तिथं पडवीतल्या अंधारापेक्षा जास्त जातं.

ज्यांना वाटतं की हे चोचले आहेत, त्यांनी आठवावं आपण काय करत होतो. एक आठवडा लाईट दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री दोनला उठायचं, बॅटरी आणि काठी घ्यायची, उसातनं विहिरीपर्यंत जायचं, खटका दाबायचा आणि लाईट नसली तर तिथंच बसायचं. आमच्या वस्तीवर या वाटेनं दोघांना साप चावलाय. पुण्याचे इंजिनिअर संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांची हीच परवड बघून 'नॅनो गणेश' नावाचं मोबाईलवरून मोटर चालू करायचं यंत्र तयार केलं. २००९ साली नोकियाच्या जगभरातल्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. म्हणजे ही कल्पना परदेशातनं आलेली नाही, आपल्याच बांधावरनं उठलेली आहे. आता तर पन्नास तऱ्हेच्या पेट्या बाजारात आहेत. माझी कोणती ते सांगत नाही, कारण दोष पेटीपेक्षा बसवण्यात आणि समजून न घेण्यात जास्त आहे.

पहिला दोष शीर्षकात सांगितलाय. मी घरी चहा पीत बसलेलो, मेसेज आला 'मोटर चालू'. दोन तासांनी मळ्यात गेलो तर सरी कोरडी. मोटर फिरतच नव्हती. वायरमनला विचारलं, तो म्हणाला पेटी खराब. दुकानदार म्हणाला स्टार्टर खराब. मी दोन दिवस पेटीसमोर उकिडवा बसलो, तेव्हा कळलं की दोघंही चूक. पेटीचं काम फक्त हुकूम देण्याचं. आतला छोटा रिले टिक करून चिकटला की ती समजते 'काम झालं' आणि मेसेज पाठवते. पुढं मोठा कॉन्टॅक्टर ओढला का नाही, हे ती बघतच नव्हती. आणि कॉन्टॅक्टर का ओढत नव्हता? पॉइंटांच्या मध्ये एक पाल जळून चिकटलेली. मागच्या पावसाळ्यात मुंग्यांनी हेच केलं होतं.

पाल काढली, वायरीची भोकं एमसीलनं बुजवली, पेटीत चार डांबर गोळ्या टाकल्या. पण खरी दुरुस्ती ती नव्हे. त्याच कंपनीची करंट मोजणारी कडी वेगळी मिळते, मोटरीच्या एका वायरीत ओवायची. ती घातल्यापासून पेटी हुकुमावर नाही, वायरीतनं खरंच करंट जातो का त्यावर मेसेज देते. माझी पाच एचपीची मोटर पाणी उचलताना साडेसात-आठ अँपिअर घेते. फूटव्हॉल्व्ह (आपल्याकडचा 'फुटबॉल') गळून पाणी उतरलं आणि मोटर कोरडी फिरली की आकडा चार-साडेचारवर येतो. म्हणून खालची हद्द साडेपाचवर लावली, त्याखाली गेली की मोटर बंद. वरची हद्द साडेनऊ. हे आकडे माझ्या मोटरीचे आहेत, तुमचे तुम्ही क्लॅम्प मीटर लावून मोजा. मीटर हजार-दीड हजारात येतं, मोटर भरायला किती लागतात ते तुम्हाला माहितीच आहे.

विकणाऱ्यानं ही कडी पहिल्यांदा का दिली नाही विचारलं, तर म्हणाला, "कुणी मागत नाही." मागणार कसं? आपल्याला ती असते हेच माहीत नाही.

दुसरा दोष शोधायला महिना गेला. पेटी अधूनमधून मेल्यासारखी व्हायची. फोन लावला की 'संपर्क क्षेत्राबाहेर', मळ्यात जाऊन बघावं तर हिरवा दिवा लुकलुकतोय. सिम बदललं, अँटेना बांबूवर चढवली. (सिम बदलताना एक ध्यानात ठेवा. बऱ्याच पेट्या जुन्या टूजीवर चालतात आणि जिओला टूजी नाही, त्यामुळं अशा पेटीत ते सिम चालणार नाही. आणि त्या सिमचं रिचार्ज संपल्याचा मेसेज पेटीला येतो, तुम्हाला नाही. तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा.) शेवटी वाईत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक जुने काका आहेत, त्यांच्याकडं पेटी घेऊन गेलो. त्यांनी एका वाक्यात सांगितलं, मोबाईलचं मोड्यूल बोलतंय तेव्हा क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट मागतं, आतली बॅटरी म्हातारी झाली की तेवढा मिळत नाही, व्होल्टेज बसतं आणि मोड्यूल पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. बॅटरी बदलली, शेजारी हजार मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर टाकला. कपॅसिटर वीस रुपयांच्या आत. कंपनीच्या माणसानं नवीन पेटीच घ्यायला सांगितलं होतं.

घरच्या टाकीचंही असंच. आपोआप बंद होणारं कंट्रोलर लावलं, त्याच्या सळ्यांवर सहा महिन्यांत क्षाराचा थर चढला आणि टाकी भरली तरी कंट्रोलरला कळेना. गच्चीवरनं पाणी पायरीनं खाली. पॉलिश पेपरनं घासलं की ठीक. दर अमावस्येला घासतो. तेवढंच काम.

आता ज्यासाठी खरं लिहायला बसलो ते.

गेल्या वर्षी माघात सकाळी लाईट नव्हती. विहिरीवरच्या पंपाची ग्लँड गळत होती म्हणून दोरी बदलायला बसलो. लाईट नाही म्हणून मेन स्विच पाडला नाही. ही चूक माझी, शंभर टक्के. पेटीत तीन नंबर टाकलेले आहेत, माझा, पोराचा आणि हडपसरला असणाऱ्या पुतण्याचा. मध्येच लाईट आली. पेटीनं तिघांना मेसेज टाकला, 'लाईट आली'. माझा फोन खोपटात चार्जरजवळ. पुतण्याला वाटलं, काका कामात असतील, आपण मदत करू. त्यानं तिकडनं मोटर चालू केली. माझा पाना शाफ्टला लावलेला होता. पाना उडाला आणि उजव्या हाताचं पहिलं बोट पेरापासनं गेलं. पोरगं त्या दिवशी संध्याकाळी वाईच्या दवाखान्यात येऊन माझ्यासमोर रडलं. त्याची काय चूक? सत्तर-ऐंशी किलोमीटरवरनं त्याला मी दिसणार कसा?

म्हणून माझं मत ठाम झालंय. लांबून चालू होणाऱ्या कुठल्याही मोटरीला जागेवर कुलूप पाहिजे. मी आता तीन खुणांचा फिरवायचा खटका बसवलाय, हात, बंद, मोबाईल. 'बंद'वर असताना मोबाईलच काय, कुणीही काही केलं तरी कॉन्टॅक्टरच्या कॉइलला करंट जात नाही. पंपाला हात लावायच्या आधी खटका 'बंद'वर, मेन खाली, मेनच्या दांड्याला छोटं कुलूप आणि चावी माझ्या खिशात. 'हात'वर केलं की पेटी पूर्ण बाजूला पडते आणि जुन्या हिरव्या-लाल बटणावर मोटर चालते. पेटी बिघडली म्हणून पीक वाळत नाही. आईचा खटक्याचा कायदा तो हाच. खटका, कुलूप, वायर मिळून सहाशे-सातशे रुपये गेले. हा खटका पेटीबरोबरच द्यायला पाहिजे, तो नसेल तर पेटी विकायलाच परवानगी नको, असं माझं म्हणणं आहे. काही जण म्हणतील किंमत वाढेल. वाढू द्या.

दुसरं म्हणणं ऑटो स्विचचं. लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा तो साधा डबा. महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय, ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा. आपण ऐकत नाही, कारण ऑटो काढला की रात्री उठायला लागतं. पण हिशोब बघा. आमच्या डीपीवर अकरा मोटरी, सगळ्या पाच एचपीच्या. डीपी ६३ केव्हीएची. सगळ्या चालू असताना ८०-८५ अँपिअर लागतात, म्हणजे डीपीची ताकद काठोकाठ. पण मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहापट करंट ओढते. अकरा ऑटो एकाच सेकंदाला पडले की डीपीवर साडेचारशे-पाचशेचा धक्का. फ्यूज जातो, व्होल्टेज बसतं, शेवटच्या शेताची मोटर घुर्रर्र करून तापते आणि जळते. मग आपण चार दिवस डीपीखाली उभं राहून शिव्या देतो.

आम्ही काय केलं ते सांगतो. देवळाच्या पारावर दोन बैठका झाल्या, पहिली भांडणात गेली. दुसरीत ठरलं, ऑटो सगळ्यांनी काढायचे आणि ज्याच्या पेटीत उशिरा चालू व्हायची सोय आहे त्यानं ती वापरायची. पहिला दोन मिनिटांनी, दुसरा चार, असं अकरावा बावीस मिनिटांनी. शेवटी राहायला कुणी तयार नव्हतं. म्हणून दर अमावस्येला नंबर एकानं खाली सरकतात. एक जण अजून आलेला नाही, त्याचा ऑटो आहे तसाच आहे. तरी या हंगामात फ्यूज दोनदाच गेला. मागल्या वर्षी आम्ही मोजायचं सोडून दिलं होतं.

कृषी खात्यातले आणि कंपन्यांतले तज्ज्ञ हे पान वाचतात, त्यांना एक विनंती. 'मागेल त्याला सौर कृषीपंप' योजनेतनं आता सौर पंप येतायत. त्यालाही कंट्रोलर आहे, सिम आहे. पाच वर्षं दुरुस्ती पुरवठादारानं करायची आहे, हे चांगलं. पण सहाव्या वर्षी ती पेटी कोण उघडणार? पेटीच्या झाकणाच्या आत वायरिंगचा नकाशा मराठीत चिकटवा. बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुक्याच्या आयटीआयत दोन दिवसांचं शिबिर घ्या, पिकांच्या शिबिरासारखंच. मी दहावी पास माणूस, मला हे सगळं पेटीसमोर बसून, बोट घालवून कळलं. गावातल्या पोरांना ते दोन दिवसांत कळेल आणि चार पोरांचा धंदाही होईल.

काही जण म्हणतात, एवढा त्रास आहे तर कशाला ठेवलीस पेटी? ठेवलीय, कारण या आठवड्यात लाईट रात्रीची आहे आणि पहाटे तीनला मी अंथरुणातनं एक फोन लावतो. पुतण्याचा नंबर मात्र पेटीतनं काढलाय. त्यानंच काढायला लावला.

खटक्याच्या जोडणीचा नकाशा वहीत काढलाय, उद्या फोटो टाकतो. आपापल्या वायरमनला दाखवूनच जोडा. कुणी यापेक्षा सोपी जोडणी केली असेल तर खाली लिहा, मला बघायचीय.