पाणी नक्की मुरतंय कुठे?

'कुठेतरी पाणी मुरतंय' हा आपल्याकडचा संशय व्यक्त करायचा खास वाक्प्रचार. गाडीच्या टपावर शार्कच्या परासारखा जो छोटा अँटेना असतो, त्याच्या बाबतीत मात्र तो शब्दशः खरा ठरतो. पावसाळ्यात एफएम खरखरायला लागतो, गाडीतल्या पडद्यावरच्या नकाशात (मोबाइलवरच्या नव्हे) आपली गाडी रस्ता सोडून शेजारच्या भातखाचरातून धावायला लागते. मग दोन दिवस कडक ऊन पडतं आणि सगळं पुन्हा ठाकठीक. आपण म्हणतो, चला, सुटलो!

मंडळी, सुटलेलो नसतो.

जरा त्या पराच्या आत डोकावू. एफएमची लहर साधारण ३ मीटर लांब. तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे ७५ सेंटिमीटरची तार लावली की ती छान पकडता येते. जुन्या गाड्यांच्या काठ्या म्हणूनच लांब असायच्या. हा पर उंचीला काही सेंटिमीटरच. एवढ्याशा तुकड्यात येणारा संदेश क्षीण, म्हणून त्याच्या बुडाशीच एक छोटी अँप्लिफायरची पट्टी बसवतात. जीपीएसचाही असाच वेगळा अँप्लिफायर असतो. त्यांना लागणारी वीज बहुतेक वेळा त्याच केबलमधून वर जाते. म्हणजे ऊनपाऊस खाणाऱ्या टपावर आपण वीज खेळणारं सर्किट बसवून ठेवलंय.

आता निव्वळ पाण्याने एवढं बिघडत नाही. पण पाण्यात धूळ, समुद्राकाठी मीठ आणि जोडीला वीज, असं त्रिकूट जमलं की तांबं खाल्लं जातं. हिरवी-पांढरी पुटं चढतात. पाणी वाळलं तरी क्षार तिथेच राहतात आणि पुढच्या वेळी नुसत्या दमट हवेतली ओल खेचून घेतात. त्यामुळे 'वाळल्यावर चालू झालं' याचा अर्थ 'दुरुस्त झालं' असा होत नाही. आजार फक्त लपलेला असतो.

आमचा आतेभाऊ रत्नागिरीत प्रवासी गाडी चालवतो. तिथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, शिवाय समुद्राची खारी हवा. गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडाली. त्याला एका ठिकाणी सांगितलं, 'पूर्ण युनिट बदला', आणि जो आकडा सांगितला तो त्याच्या आठवडाभराच्या कमाईएवढा. दुसऱ्या ठिकाणी सल्ला मिळाला, 'चारी बाजूंनी सिलिकॉन फासून टाकू, विषय संपला.' मला हे दोन्ही उपाय पटत नाहीत. कारण एकच, पाणी आलं कुठून हे दोघांनीही पाहिलं नाही.

पाणी बहुतेकदा बुडाखालच्या रबरी गॅस्केटमधून येतं. उन्हाने ते कडक होतं, त्याला चिरा पडतात. त्यात आणखी एक गंमत आहे. दुपारच्या उन्हात पराच्या आतली हवाही चांगलीच तापते आणि अचानक सर आली की थंड होते. बंद डबीतली हवा ७० अंशांवरून २५ अंशांवर आली तर तिचा दाब साधारण १३ टक्क्यांनी घटतो. म्हणजे तो पर चक्क श्वास आत ओढतो, आणि चिरेवर पाणी साचलेलं असेल तर हवेऐवजी पाणीच ओढतो!

अशा वेळी वरून सिलिकॉन फासलं की आतली ओल आतच कोंडली जाते. कंपनीने पाणी निथळायला वाट ठेवली असेल तर तीही बुजते. सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर आम्ल सोडतं आणि ते तांब्याला आणखी खातं. आणि नवं युनिट त्याच गंजलेल्या, मळलेल्या बैठकीवर बसवलं तर पुढच्या पावसाळ्यात तीच रड.

शेवटी त्याने एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडून काम करून घेतलं. त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, पर उतरवला, पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ ब्रशने धुतली, नीट वाळवली, भिंगाखाली पाहिली. तांब्याच्या रेषा शाबूत होत्या. मग संरक्षक लॅकरचा हात दिला (जोडणीच्या पिना झाकून), टपाची बैठक घासून साफ केली, नवं गॅस्केट घातलं आणि नट बेताने आवळला, कारण जास्त आवळलं की रबर बाहेर फुगतं. केबलला प्लगच्या आधी थोडा झोल दिला. कौलारू घराच्या पागोळीसारखं पाणी तिथूनच ठिबकावं, प्लगपर्यंत पोचू नये. मग तांब्याने टपावर पाणी ओतलं आणि आत टॉर्च धरून पाहिलं. काम झालं.

गॅरेजवाल्यांची बाजूही मला कळते. धुतलेल्या पट्टीची हमी कोण देणार? त्या कामाला लागणारा वेळ कधीकधी नव्या भागाहून महाग पडतो. तांब्याच्या रेषाच खाल्ल्या गेल्या असतील किंवा केबलची जाळी काळी पडली असेल तर बदलण्यावाचून इलाज नाही. काही गाड्यांत अपघातानंतर मदतीचा फोन लावणाऱ्या यंत्रणेचा अँटेनाही याच परात असतो, तिथे घरगुती प्रयोग नकोत. छताच्या अस्तराच्या कडेने एअरबॅग असतील तर ते अस्तर स्वतः ओढूही नये.

पण बदलायचंच असेल तर निदान जुना भाग परत मागून घ्या, तो समोर उघडायला लावा आणि पैसे देण्याआधी विचारा, 'पाणी आलं कुठून?' उत्तर मिळालं नाही तर दुरुस्ती झालेली नाही, फक्त खरेदी झाली आहे.

असो. आपल्याकडे मृगाआधी घर शाकारतात, कौलं चाळतात. गळती लागायची वाट पाहत बसत नाहीत. त्याच सुमारास टपावरच्या त्या रबरावरूनही एकदा बोट फिरवून बघायला काय हरकत आहे? पाच मिनिटांचं काम आहे.