कोलोनोस्कोपी आणि रक्त पातळ करणारी गोळी: अंदाज तुम्ही बांधू नका, तारखा आम्ही लिहून द्यायला हव्यात

तुमच्या हातात दोन कागद आहेत. एकावर कोलोनोस्कोपीची तारीख आहे आणि खाली छापील सूचना: ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद करून यावे.’ कुठली गोळी, किती दिवस आधी, पुन्हा कधी सुरू करायची, याबद्दल एक अक्षर नाही. दुसरा कागद हृदयाच्या डॉक्टरांचा. त्यावर त्याच गोळीच्या नावाखाली दोन रेघा मारून लिहिलंय: ‘स्वतःहून बंद करू नये.’

दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत. मधल्यामध्ये अडकलेले आहात ते तुम्ही.

मी स्वतः दुर्बिणीच्या तपासण्या करतो, त्यामुळे हा लेख थोडा आमच्याच विरोधात आहे. पण दोन रुग्णांची हकीकत सांगतो, म्हणजे तो का लिहावासा वाटला ते कळेल.

पहिले, सत्तरीचे एक निवृत्त शिक्षक. हृदयाचे ठोके अनियमित, म्हणून गोळी सुरू होती. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांनी तपासणीच्या दहा दिवस आधीच ती बंद केली. तपासणी व्यवस्थित झाली, काही सापडलं नाही, सगळे आनंदात घरी गेले. गोळी परत सुरू करा असं त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांना वाटलं, बंद करायला सांगितली होती ती कायमचीच. तीन आठवड्यांनी सकाळी चहाचा कप हातातून पडला आणि शब्द अडखळायला लागले. अर्धांगवायूचा झटका होता. ती कोलोनोस्कोपी मी केली होती. आम्ही दिलेल्या कार्डवर गोळीचा उल्लेखच नव्हता.

दुसऱ्या, साठी ओलांडलेल्या एक बाई. हृदयाची झडप बदललेली. शौचातून अधूनमधून रक्त जायचं. गोळी बंद करायची धास्ती, म्हणून त्यांनी तपासणी तीनदा पुढे ढकलली. ‘मोड असतील, आणि गोळीमुळे जरा जास्त रक्त जातंय,’ अशी घरच्यांनी समजूत घातली. दीड वर्षाने तपासणी झाली तेव्हा आतड्यातली गाठ भिंतीबाहेर पसरलेली होती.

एकाने गोळी सोडली, दुसरीने तपासणी सोडली. दोघांनीही निर्णय स्वतःच घेतला, कारण तो घ्यायला दुसरं कुणी पुढे आलंच नाही. माझं मत स्पष्ट आहे: गोळी कधी थांबवायची आणि कधी सुरू करायची हे ठरवणं रुग्णाचं काम नाही. तपासणी करणाऱ्या डॉक्टरने गोळी देणाऱ्या डॉक्टरशी बोलून तारखांसह लिहून दिलं पाहिजे. आणि तसं लिहून मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

गोळी रक्त ‘पातळ’ करत नाही

नाव फसवं आहे. या गोळ्यांनी रक्ताचं पाणी होत नाही. रक्त गोठण्याची क्रिया फक्त मंदावते. त्यांचे ढोबळ दोन गट आहेत.

पहिल्या गटातल्या गोळ्या रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटू देत नाहीत. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर या त्यातल्या. हार्ट अटॅकनंतर किंवा अँजिओप्लास्टी करून स्टेंट टाकल्यावर त्या देतात.

दुसऱ्या गटातल्या गोळ्या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांवर काम करतात. वॉरफरिन आणि असेनोकुमारॉल या जुन्या गोळ्या, ज्यांच्यासाठी आय.एन.आर.ची तपासणी करावी लागते. अ‍ॅपिक्साबान, रिव्हरॉक्साबान, डॅबिगॅट्रान या नव्या, ज्यांना ती नेहमी लागत नाही. ठोके अनियमित असणं, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असणं, यासाठी या देतात. कृत्रिम धातूची झडप बसवली असेल तर मात्र जुन्याच गोळ्या चालतात, नव्या चालत नाहीत.

म्हणून ‘मला रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे’ एवढं सांगणं पुरेसं नाही. पाकीट सोबत आणा. काही जण दोन्ही गटांतली एकेक गोळी घेत असतात आणि त्यांना ते माहीतही नसतं. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही दाखवा, कारण त्यांनीही रक्तस्रावाचा धोका वाढतो.

बघणं वेगळं, कापणं वेगळं

कोलोनोस्कोपीत गुदद्वारातून बारीक लवचिक दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघतात. नुसतं बघायचं असेल किंवा तपासणीसाठी कणभर तुकडा घ्यायचा असेल, तर रक्तस्रावाचा धोका फार कमी असतो. त्यासाठी बहुतेकांची गोळी दिवसेंदिवस बंद ठेवावी लागत नाही.

अडचण येते ती पॉलिप सापडला तर. पॉलिप म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेला मांसल कोंब. त्यातले काही पुढे वर्षानुवर्षांनी कर्करोगात बदलतात, म्हणून दिसला की तिथल्या तिथे काढून टाकणं चांगलं. मोठा पॉलिप काढताना, आणि काढल्यानंतरही, रक्त येऊ शकतं. पॉलिप आहे की नाही हे आधी सांगता येत नाही. गोळी चालू ठेवून तपासणी केली आणि मोठा पॉलिप निघाला, तर सगळी तयारी, ते औषधी पाणी पिणं आणि रात्रभर संडासच्या फेऱ्या, पुन्हा एकदा. म्हणून आम्ही सरसकट ‘बंद करून या’ असं छापून टाकतो. आमची सोय होते, पण प्रत्येक रुग्णाची होतेच असं नाही.

कुठल्या गोळीचा काय हिशोब

खाली दिलंय ते तुम्हाला डॉक्टरांशी बोलता यावं म्हणून. त्यावरून घरी निर्णय घेऊ नका.

एकटी ॲस्पिरिन असेल तर ती सहसा बंद करावी लागत नाही, पॉलिप काढायचा असला तरी. तरीही निम्मे रुग्ण ती बंद करून येतात, असा माझा अनुभव आहे.

क्लोपिडोग्रेलसारखी गोळी मोठा पॉलिप काढायचा असेल तर पाच ते सात दिवस आधी थांबवतात आणि ॲस्पिरिन चालू ठेवतात. पण स्टेंट टाकून थोडेच महिने झाले असतील तर थांबा. अशा वेळी गोळी सोडल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊन मोठा हार्ट अटॅक येऊ शकतो. तपासणी तातडीची नसेल तर ती पुढे ढकलणं शहाणपणाचं. इथे हृदयाच्या डॉक्टरांच्या संमतीशिवाय एकही गोळी चुकवायची नाही.

वॉरफरिनचा परिणाम उतरायला वेळ लागतो, म्हणून ती साधारण पाच दिवस आधी थांबवतात आणि तपासणीपूर्वी आय.एन.आर. बघतात. असेनोकुमारॉल लवकर उतरते, त्यामुळे तिचे दिवस कमी.

नव्या गोळ्या आणखी लवकर उतरतात. साधारण दोन ते तीन दिवस पुरतात. किडनीचं काम कमी असेल, तर विशेषतः डॅबिगॅट्रान जास्त दिवस आधी थांबवावी लागते. म्हणून अलीकडचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत असू द्या. दहा दिवस आधी बंद करण्यात काहीच फायदा नाही. उगाच आठवडाभर धोका पत्करायचा.

‘गोळीऐवजी पोटात इंजेक्शनं घेऊ का?’ असंही बरेच जण विचारतात. पूर्वी वॉरफरिन थांबवली की हेपॅरिनची इंजेक्शनं सर्रास दिली जात. २०१५ साली ‘ब्रिज’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनियमित ठोक्यांसाठी वॉरफरिन घेणाऱ्या १,८८४ रुग्णांवर तो झाला होता. इंजेक्शन दिलेल्या आणि न दिलेल्या गटांत गुठळीचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. मोठा रक्तस्राव मात्र इंजेक्शनवाल्यांत ३.२ टक्के आणि न दिलेल्यांत १.३ टक्के होता. म्हणून आता ती सगळ्यांना देत नाहीत. धातूची झडप, विशेषतः डाव्या बाजूची मायट्रल झडप, किंवा नुकतीच झालेली गुठळी, अशा निवडक रुग्णांसाठीच त्यांचा विचार होतो.

परत सुरू करण्याची तारीख

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि शिक्षककाकांच्या बाबतीत माझी चूक इथेच झाली.

काही कापलं नसेल तर गोळी बहुधा त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होते. वॉरफरिनला परिणाम दाखवायला काही दिवस लागतात, त्यामुळे पॉलिप काढला तरी ती सहसा त्याच रात्री सुरू करता येते. नवी गोळी मात्र काही तासांतच काम करायला लागते, म्हणून मोठा पॉलिप काढला असेल तर ती दोन-तीन दिवस थांबून सुरू करतात.

पॉलिप काढल्यानंतर रक्तस्राव साधारण दोन आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो. त्या काळात लांबचा प्रवास ठेवू नका. शौचातून पुन्हा पुन्हा भरपूर रक्त किंवा गुठळ्या गेल्या, चक्कर आली, दरदरून घाम फुटला, तर थेट हॉस्पिटल गाठा. आणि तोंड वाकडं झालं, हातापायातली ताकद गेली, बोलणं अडखळलं, तर तासभरही वाट बघू नका.

दोन्ही धोके सारख्या वजनाचे नाहीत

रक्त दिसतं, गुठळी दिसत नाही. म्हणून रुग्णाला आणि खरं सांगायचं तर आम्हालाही रक्ताची भीती जास्त वाटते. पण पॉलिपच्या जागी रक्त आलं तर बहुतेक वेळा पुन्हा दुर्बीण घालून, क्लिप लावून ते थांबवता येतं. मेंदूत गुठळी गेली तर गेलेली वाचा परत येईलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. अनियमित ठोक्यांमुळे अर्धांगवायूचा धोका सुमारे पाचपट होतो, आणि तुमची गोळी तो बऱ्याच अंशी खाली आणते. तिची एकेक खाडी मोजूनमापून झाली पाहिजे.

मग तपासणीच टाळावी का? मुळीच नाही. ‘गोळीमुळेच रक्त जातंय’ हे वाक्य मला सगळ्यात धोकादायक वाटतं. निरोगी आतड्यातून गोळी सहसा रक्त काढत नाही. बहुतेक वेळा आत काहीतरी असतं, ते गोळीमुळे लवकर वाहायला लागतं इतकंच. २०२० साली डेन्मार्कमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनियमित ठोक्यांसाठी अशा गोळ्या घेणाऱ्या ज्या रुग्णांच्या शौचातून रक्त गेलं, त्यांच्यापैकी वयानुसार ४ ते ८ टक्के जणांना वर्षभरात मोठ्या आतड्याचा कर्करोग असल्याचं निदान झालं. रक्त न गेलेल्यांत हे प्रमाण एक टक्क्याहून कमी होतं. म्हणजे गोळीने एका अर्थी आधीच इशारा दिला. तो मोडांच्या नावावर खपवू नका. आपल्याकडे मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी सरसकट चाचणीची राष्ट्रीय मोहीम नाही, त्यामुळे अशा इशाऱ्याची किंमत आणखी जास्त.

अर्थात, प्रत्येक कोलोनोस्कोपी आजच झाली पाहिजे असंही नाही. वय फार झालेलं, प्रकृती नाजूक, किंवा स्टेंट ताजा असेल, तर ‘आत्ता केली नाही तर काय होईल?’ हा प्रश्न जरूर विचारा. त्याचं उत्तर कधी ‘तीन महिन्यांनी करू’ असं असतं, आणि ते चांगलं उत्तर असू शकतं.

डॉक्टरांना हे पाच प्रश्न विचारा

१. ही तपासणी कशासाठी आहे आणि ती किती तातडीची आहे?
२. माझ्या कुठल्या गोळ्या चालू ठेवायच्या आणि कुठली थांबवायची?
३. शेवटची गोळी कुठल्या तारखेला, सकाळी की रात्री?
४. काही काढलं तर परत कधी सुरू करायची, आणि नाही काढलं तर कधी?
५. तुम्ही माझ्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोललात का?

उत्तरं तोंडी घेऊ नका, लिहून घ्या. मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन आणि लोहाच्या गोळ्यांबद्दलही त्याच कागदावर लिहून घ्या. तयारीच्या दिवशी पाणी आणि चालतील ती पेयं भरपूर प्या, नाहीतर किडनीवर ताण येतो.

पाचवा प्रश्न विचारताना संकोच वाटेल. ‘डॉक्टरांना राग येईल’ असं पुष्कळांना वाटतं. हृदयाचे डॉक्टर पुण्या-मुंबईला, तपासणी तालुक्याच्या गावी, त्यांचा फोन लागत नाही, ओपीडीत गर्दी, या आमच्या अडचणी खऱ्या आहेत. पण फोन पाच मिनिटांचा असतो. तो आम्ही केला नाही तर ओझं तुमच्यावर पडतं, आणि ते पेलण्याचं शिक्षण तुम्हाला कुणी दिलेलं नाही.

शिक्षककाका आता बरे आहेत. काठी घेऊन चालतात, शब्द शोधत बोलतात. त्यांच्यानंतर माझ्याकडच्या कार्डवर दोन रकाने वाढले: ‘शेवटची गोळी’ आणि ‘पुन्हा सुरू’. ते रिकामे असतील तर माझी नर्स रुग्णाला घरी सोडत नाही. तुमच्या कार्डवर असे रकाने नसतील, तर पेन काढा, ते स्वतः आखा आणि डॉक्टरांपुढे ठेवा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमची गोळी तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू किंवा बदलू नका.)